पाहुण्यांसाठी घेतलेली गाडी

माझा धाकटा भाऊ चौतिशीला आला तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. पोरगा निर्व्यसनी, ऊस आणि हळद करणारा, कामाला वाघ. पण कुणी स्थळ सुचवलं की पहिला प्रश्न नोकरी कुठं आणि दुसरा पुण्यात फ्लॅट आहे का. शेवटी मध्यस्थच कंटाळून म्हणाले, "आवं, निदान दारात एक चारचाकी तरी उभी करा." म्हणून मी साताऱ्याहून एक जुनी एसयूव्ही आणली. भावाला न विचारताच आणली. लग्न त्याचं होतं, पण घाई मला झाली होती.

गाडी लांबून रुबाबदार दिसायची. तिचा जन्म महाबळेश्वरच्या पावसात पर्यटक फिरवण्यात गेला होता, हे मला आष्ट्याला घरी आणून पायाखालची मॅट उचलल्यावर कळलं. खाली पत्रा कमी आणि गंज जास्त. समोर डॅशबोर्डवर इंजिनाची पिवळी बत्ती कायम पेटलेली. ड्रायव्हरच्या मागच्या दाराची काच वर केली की आपोआप खाली घसरायची. आणि आठवड्याच्या आत शेजारच्या उसातल्या उंदरांनी बॉनेटमध्ये शिरून वायरी कुरतडल्या.

गॅरेजला न्यावी तर चार लोक बघणार आणि 'ह्यांनी भंगार आणलं' हे पारावर जाणार. त्यापेक्षा मी पान्ह्यांचा संच आणला आणि मोबाइलवर व्हिडिओ बघत स्वतःच कामाला लागलो. त्या व्हिडिओतला माणूस मला आजही भेटला तर मी त्याच्याशी भांडेन. तो पान्हा लावायचा, नट लोण्यासारखा फिरायचा. मी लावला की नट जागचा हलायचा नाही, पान्हा सटकायचा आणि बोटाचं सालपट निघायचं. काचेसाठी दाराचं आतलं कव्हर काढलं, तर ते धरून ठेवणारी प्लॅस्टिकची बटणं एकेक करून माझ्या हातात मोडली. काच जिच्यावर बसते ती पट्टीच आत तुटली होती.

भाऊ बाजूला बॅटरीचा उजेड धरून उभा होता. शेतातली पाण्याची मोटर तोच खोलतो, तोच बसवतो. म्हणाला, "दादा, मी बघू का?"

"तू गप बॅटरी धर," मी खेकसलो.

मग मी आपल्या पद्धतीने उपाय केले. काच वर ओढून, ट्यूबचं रबर गुंडाळलेली लाकडाची पाचर खाली ठोकली. कव्हर परत बसवल्यावर तीन स्क्रू शिल्लक राहिले, ते खिशात टाकले. पिवळ्या बत्तीवर काळी चिकटपट्टी लावली. उंदरांवर तंबाखूचा उपाय चालतो असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून जाड पानाची पुरचुंडी बांधून बॉनेटमध्ये ठेवली. उंदीर खरंच यायचे बंद झाले. त्या महिन्याभरात मला आलेलं ते एकमेव यश.

तेवढ्यात वाईकडचं एक स्थळ आलं. मुलगी पाहून झाली होती, दोघांची पसंतीही होती. आता मुलीचे वडील आणि आत्या आमचं घरदार बघायला येणार होते. वडील फौजेत ड्रायव्हर होते, हे ऐकून मी बत्तीवर चिकटपट्टीचा आणखी एक थर चढवला. एसटीने ते इस्लामपूरला उतरले आणि आम्ही दोघे भाऊ गाडी घेऊन त्यांना आणायला गेलो. वडील माझ्या शेजारी बसले, आत्या मागे, आणि भाऊ माझ्या मागच्या त्या नतद्रष्ट काचेपाशी.

स्टँडच्या बाहेर पहिला खड्डा लागला आणि दारात खडखड करत पाचर पडली. काच खाली घसरायला लागली. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आणि धुरळा. मी आरशातून भावाकडे डोळे वटारले. बिचाऱ्याने दोन्ही तळहात काचेवर दाबले आणि ती वर धरून बसला. नवरा मुलगा, इस्तरीचा पांढरा शर्ट घातलेला, दोन्ही हात वर करून.

आत्यांनी त्याला विचारलं, "हळद किती दिसाची असती वं?"

"नऊ महिन्यांची," मी पुढून उत्तर दिलं.

"आन् तुमाला वाचायबिचायची आवड?"

"आहे की, पेपर रोज वाचतो," तेही मीच सांगितलं. त्याने तोंड उघडलं असतं तर काचेचं काहीतरी बोलला असता, ही मला भीती होती.

वडिलांना उकडतंय असं वाटून मी एसी लावला. बॉनेटमधली हवा आत आली आणि क्षणात अख्खी गाडी तंबाखूच्या वासाने भरली. वडिलांनी हळूच विचारलं, "तंबाखू कोन खातं?"

"कोनीच न्हाई!" मी जवळजवळ ओरडलोच. त्यांनी एसीच्या जाळीपाशी नाक नेऊन पुन्हा वास घेतला. ते मला सोसेना. मी गाडी कडेला घेतली, त्यांना खाली उतरवलं, बॉनेट उघडलं आणि पुरचुंडी काढून दाखवली. आता पुरावा म्हणून तंबाखूच हातात घेऊन उभं राहिल्यावर समोरच्याने काय समजायचं?

"हितं लपवून ठेवता व्हय?" ते म्हणाले. मी उंदरांचं सांगितलं. ते मान हलवून परत बसले आणि बसल्या बसल्या त्यांनी नखाने काळी पट्टी सोलून काढली. पिवळी बत्ती लखलखली. मी म्हणालो, ती उगाच लागते. त्यांनी मागे वळून माझ्या भावाकडे बघितलं. तो अजून काच धरून बसला होता आणि कानापर्यंत लाल झाला होता.

घरी जेवण चांगलं झालं. ऊस दाखवला, विहीर दाखवली. प्रत्येक गोष्ट मी समजावून सांगितली.

तीन दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला. भाऊ बाहेरच्या सोप्यात मोटरचे भाग पुसत बसला होता.

"राग मानू नका," ते म्हणाले. "गाडी जुनी हाय तर असू द्या, आमाला त्याचं काय न्हाई. तंबाखूचं बी पटलं. पोरगा गुणाचा वाटला. पर दिसभर आमाला त्याचा आवाज ऐकू आला न्हाई. त्याला इचारलं की तुमीच बोलायचा. आमची पोरगी बोलकी हाय. तिला तुमच्या घरात कोन बोलू देनार?"

मी म्हणालो, तसं नाही, तो मूळचाच अबोल आहे, मनाने फार चांगला आहे, बायकोला जपेल, तिला काही कमी पडू देणार नाही. मी बोलतच राहिलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी भावापासून काही लपवलं नाही. ते काय म्हणाले आणि मी काय बोललो, सगळं शब्दाला शब्द सांगितलं. त्याने हातातली चिंधी खाली ठेवली.

"मग फोन माझ्याकडं द्यायचा हुतास की, दादा."