विष कोणाला माहीत आहे

१९८६ साली कॉम्प्युटर चालवता येणारी माणसं नागपुरात शोधावी लागत. इंदोऱ्याची पुष्पलता मेश्राम त्यांतली एक. कोळशाच्या एका ऑफिसात ती खाणींची माहिती मशीनमध्ये भरायची. गिरणीतून निवृत्त झालेले वडील शेजाऱ्यांना सांगत, "पोरगी टीव्हीसमोर बसते, न तिले त्याचा पगार भेटते."

पुष्पलताला वाचनाचं वेड होतं. रुपराव वैरागडे यांच्या सगळ्या रहस्यकादंबऱ्या तिने वाचनालयातून आणून संपवल्या होत्या. एकीत पाचव्या प्रकरणात मेलेला मुनीम नवव्यात चहा पिताना दिसला, तेव्हा तिने त्यांना पत्र टाकलं. रागावण्याऐवजी त्यांनी तिला हुडकेश्वरला घरी बोलावलं.

"पोरी, माह्या डोक्यात आता एवढी माणसं राहत नाहीत," ते हसत म्हणाले. "तुह्या मशीनले जमते का?"

परदेशातल्या मुलाने त्यांना एक छोटा कॉम्प्युटर पाठवला होता, टीव्हीला जोडायचा. प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचा. पुष्पलता रविवारी लूनावरून यायची आणि प्रोग्रॅम जुळवत बसायची. कादंबरीतलं प्रत्येक पात्र सध्या कुठे आहे, जिवंत आहे का, त्याला काय काय माहीत आहे, हे भरून ठेवायचं. मग विचारायचं, अमुक गोष्ट कोणाला माहीत आहे? पडद्यावर नावं यायची. मराठी अक्षरं नव्हती, नावं इंग्रजी लिपीत. पण चूक सापडायची. मशीनच्या मदतीने पहिली कादंबरी भराभर झाली. रुपराव येणाऱ्याजाणाऱ्याला मशीन दाखवू लागले.

दुसरी कादंबरी नवऱ्याला जेवणातून थोडं थोडं विष देणाऱ्या बाईची होती. ती लिहिताना रुपराव एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागले. एकदा पुष्पलताला त्यांनी दारातच तिचं नाव विचारलं. वय झालं, असं तिने मनाशी म्हटलं.

एका रविवारी त्यांनी मशीनला विचारलं, विष कोणाला माहीत आहे? कादंबरीतल्या त्या बाईचं, कौशल्याचं, नाव आलं. त्याखाली आलं, यमुना.

यमुताई म्हणजे रुपरावांची बायको. आत पोहे परतत होत्या.

"काका, काकूंचं नाव तुम्ही भरलं का?"

"मी काहून भरीन?" रुपराव पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले. "मशीननं काढलं. मशीन कोणाची बाजू घेत नाही."

यमुताईंनी आणलेल्या पोह्यांना त्यांनी हात लावला नाही. ते अंगणात गेले तेव्हा पुष्पलताने घाईघाईने ते नाव पुसून टाकलं. तिला वाटलं, संपलं.

पुढच्या खेपेला रुपराव फाटकातच उभे होते. उन्हात, टोपी न घालता.

"नाव गायब झालं," ते म्हणाले. "ह्या घरात मशीन चालवता येणारं दुसरं कोण आहे, सांग बरं?"

मागून यमुताईंनी हाक दिली, "अहो, पोरीले आत तर घ्या!"

रुपरावांनी आवाज खाली आणला. "तुम्ही दोघींनी कधी ठरवलं हे?"

नाव आपणच पुसलं आणि का पुसलं, हे पुष्पलताने सगळं सांगितलं. पण त्यांना फक्त एवढंच ऐकू आलं, की पुरावा तिने मिटवला. फाटक लागलं.

त्यानंतर ते सालीसकट आणलेली केळी आणि स्वतः उकडलेली अंडी तेवढी खात. यमुताई त्यांच्यासमोर बसून त्यांच्याच ताटातला घास खायच्या. रुपराव टक लावून पाहत. "हळू असर करते ते," म्हणत. गळ्याची हाडं वर आली. एका दुपारी त्यांनी आतून कडी लावली आणि कोणाला ओ दिली नाही. यमुताईंच्या भावाने, देवाजींनी, दार फोडलं. रुपराव मशीनसमोर जमिनीवर पडले होते, टीव्ही चालूच होता.

दवाखान्यात मात्र ते नर्सच्या हातून जेवू लागले. मग यमुताईंनी रांधायचं, पुष्पलताने डबा लूनावर न्यायचा, आणि नर्सने ते दवाखान्याच्या ताटात वाढायचं, असं ठरलं. फाटकावरच्या त्या दिवसानंतर पुष्पलताला यमुताईंच्या डोळ्यांत पाहवत नव्हतं. त्यांनी मात्र तिला एका शब्दानेही दोष दिला नाही.

"इथल्या आचाऱ्याच्या हाताले चव आहे," रुपराव एकदा नर्सला म्हणाले. दाराआड उभ्या यमुताईंनी तोंडावर पदर धरला. तेवढ्यात रुपरावांची नजर दाराकडे गेली.

"ते बाई रोज काहून उभी राहते तिथं? तिले माह्या जेवणाजवळ येऊ देऊ नका."

यमुताई भिंतीला सरकल्या. जिना उतरताना पुष्पलताला म्हणाल्या, "उद्या वांग्याचं भरीत करतो. थोडं लवकर येजो वं."

रुपराव हिवाळ्यात गेले. त्या दिवशीही दुपारचं ताट त्यांनी चाटूनपुसून खाल्लं होतं.