जनकोजीरावांचं फिटिंग शॉप

वर्षाची परीक्षा संपली की जनकोजीराव मुलांनी केलेले सगळे जॉब, म्हणजे कानशीने घासून बनवलेले लोखंडी तुकडे, करवतीने कापायचे. एकेक जॉब टेबलावरच्या व्हाइसच्या पकडीत धरायचा आणि मधोमध दोन तुकडे. शंभर-सव्वाशे जॉब असायचे, दोन दिवस जायचे. मी कॉलेजात नवा होतो. मला वाटलं, काही नियम असेल.

"नियम कसला?" ते म्हणाले. "एक जॉब तीन वर्षें पास झाला, कुशलराव! तीन नांवांनीं. थोरला धाकट्यास देतो, तो त्याच्या धाकट्यास. परीक्षक तोच, जॉब तोच, पोर तेवढें नवें. आतां कापला की सरी. ज्याचा त्याणें घासावा."

'सरी' म्हणजे तमिळमध्ये 'ठीक, झालं'. जनकोजीरावांच्या मराठीत असे तमिळ शब्द सहज येऊन बसायचे. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले. घरात मराठी टिकली, पण ती त्या काळचीच. मी सांगलीहून मेकॅनिकलची पदवी घेऊन चेन्नईला आलो, तांबरमच्या पुढच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात लेक्चरर झालो, आणि पहिल्याच दिवशी ग्रीस लागलेल्या खाकी कोटातल्या या गृहस्थांनी मला विचारलं, "आपण जेवलांत कां?" बखरीतला माणूस डबा खायला बोलावतोय असं वाटलं. डब्यात सकवारबाईंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, आंबट वरण होतं. त्यानंतर मी दुपारचं वेगळं काही शोधलं नाही.

ते आयटीआय शिकलेले. अंबत्तूरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं फिटर होते, तो बंद पडल्यावर इथे कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या फिटिंग शॉपचे इन्स्ट्रक्टर झाले. पहिली दोन वर्षं प्रत्येक मुलाला, मग तो पुढे कॉम्प्युटरला जाणारा का असेना, त्यांच्या हाताखालून जावं लागे. काम साधं दिसणारं. लोखंडी पट्टीचे दोन तुकडे घ्यायचे. एकात चौकोनी खाच, दुसऱ्याला चौकोनी दात. कानशीने घासून दोन्ही असे बसवायचे की खिडकीकडे धरले तर फटीतून उजेड दिसता कामा नये. दिसला की जनकोजीराव तमिळमध्ये म्हणत, "सूर्य उगवला. परत."

मुलं त्यांना 'सूर्या सार', म्हणजे सूर्या सर, म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही.

२००७ साली तमिळनाडूत इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा गेली आणि बारावीच्या गुणांवर प्रवेश सुरू झाले. शहरातल्या शिकवण्या ज्यांना परवडत नव्हत्या अशी खेड्यातली, तमिळ माध्यमातली पुष्कळ मुलं आमच्याकडे आली. वर्गात ती मागे बसायची. आम्ही इंग्रजीत शिकवायचो, ती वहीत आकृती उतरवून घ्यायची आणि शब्द सोडून द्यायची. मधल्या सुट्टीत मात्र ती फिटिंग शॉपमध्ये दिसायची, कारण तिथल्या फळ्यावर प्रत्येक हत्याराचं नाव दोन भाषांत लिहिलेलं होतं.

विळुप्पुरमकडची पूंगोडी ही त्यांतलीच. वडील ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. वर्गात तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. शॉपमध्ये ती जनकोजीरावांशी भांडायची.

"सार, सूर्य नाहीये. तुमचा चष्मा जुना झालाय."

"चष्मा तुझ्या जन्माआधीचा आहे, तो खोटं बोलत नाही. परत."

त्याच वर्षी प्राचार्यांनी ठरवलं की फिटिंग शॉपच्या हॉलमध्ये लँग्वेज लॅब करायची. चाळीस कॉम्प्युटर, चाळीस हेडफोन. "नोकरी द्यायला येणाऱ्या कंपन्या इंग्रजीत मुलाखत घेतात," ते मला म्हणाले. "कानस धरता येते का, असं आजवर एकीनेही विचारलेलं नाही." बोलणं खोटं नव्हतं. पण फेब्रुवारीत मानांकनासाठी तपासणी समिती यायची होती. तिने शॉपबद्दल चांगलं लिहिलं तर विचार करू, नाहीतर मे महिन्यात हॉल रिकामा, असं त्यांनी जनकोजीरावांना तोंडावर सांगितलं.

शॉपमध्ये चोवीस व्हाइस होते, टेबलांना बोल्टने घट्ट बसवलेले. जनकोजीरावांनी आठवडाभर रोज चार-चार उघडून तेल घातलं. 

समितीच्या फायली माझ्याकडे होत्या. त्यात एक रकाना होता, 'विद्यार्थ्यांच्या कामाचे नमुने'. नमुने कुठले? गेल्या वर्षीचे कापलेले, या वर्षीचे अर्धवट. शॉप वाचवायचंच असं मी मनाशी घेतलं होतं आणि वाचवण्याची घाईही मलाच झाली होती. मी अंबत्तूरला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मिलिंग मशिनवर पाच सुबक जॉब करून आणले, त्यांवर पाच विद्यार्थ्यांची नावं पंचाने ठोकून घेतली आणि तपासणीच्या सकाळी शॉपमधल्या काचेच्या कपाटात मांडले. जनकोजीराव तेव्हा दारात समितीची वाट पाहत उभे होते.

समितीच्या अध्यक्षा कोइमतूरकडच्या एक वयस्क प्राध्यापक होत्या. त्यांनी कपाटातून एक जॉब उचलला आणि कोणी न सांगता खिडकीकडे धरला. काळाकुट्ट. उजेडाची रेघसुद्धा नाही.

"सुरेख! पूंगोडी कोण?"

पूंगोडी तिच्या व्हाइसपाशी उभी होती. ती जॉबकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. जनकोजीराव पुढे आले. त्यांनी जॉब हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला.

"मॅडम, हे आमच्या मुलांचं नाही," ते तमिळमध्ये म्हणाले. "हे मशिनचं आहे. कानशीच्या रेघा अशा नसतात."

प्राचार्यांचा चेहरा मला बघवेना. "मी करून आणले," मी म्हणालो. "यांना माहीत नव्हतं."

"मग मुलांचे कुठे आहेत?"

जनकोजीराव कोपऱ्यात गेले आणि भंगाराचा पिंप तिरपा करून, गोल फिरवत घेऊन आले. त्यात दोनशेच्या वर अर्धे तुकडे होते. का कापतो, ते त्यांनी सांगितलं. तीन वर्षं पास झालेल्या जॉबची गोष्ट आली तेव्हा अध्यक्षाबाई मोठ्याने हसल्या. समितीतले दुसरे एक सर खाली बघायला लागले. त्यांनीही विद्यार्थी असताना कोणाचा तरी जॉब दाखवला असावा.

"आता तुझा दाखव," बाई पूंगोडीला म्हणाल्या.

तिने दोन्ही तुकडे बसवले आणि स्वतःच खिडकीकडे धरले. उजव्या बाजूला केसाएवढी फट होती. बाईंनी इंग्रजीत विचारलं, ही फट का राहिली? पूंगोडीने मान खाली घातली.  मग बाईंनी तोच प्रश्न तमिळमध्ये विचारला.

आणि ती बोलायला लागली. कानस पुढे जाताना तिचा डावा हात दाबतो, म्हणून कड उतरती होते. काटकोन तपासायचा गुण्या लावला की कळतं. आता तिरपं घासून उंचवटा काढायचा, पण जपून, कारण एकदा जास्त गेलं की लोखंड परत येत नाही. तिने करून दाखवलं. पाच-सात मिनिटं सगळी समिती त्या व्हाइसभोवती उभी होती. पुन्हा खिडकीकडे धरलं. फट कमी झाली होती, गेली नव्हती.

बाईंनी जनकोजीरावांकडे पाहिलं. हॉल जाणार की राहणार ते या माणसाच्या एका शब्दावर होतं, निदान मला तसं वाटत होतं. चांगलं म्हणायला काय हरकत होती?

"सूर्य आहे," ते म्हणाले. "परत."

पुढचे आठ दिवस जनकोजीराव माझ्याशी मराठीत बोलले नाहीत. "गुड मॉर्निंग, मिस्टर कुशल," एवढंच. डबाही एकटेच खायचे. नवव्या दिवशी मी शॉपमध्ये गेलो आणि कबूल केलं की सांगलीला शिकताना मीसुद्धा माझ्या सीनियरचाच जॉब दिला होता. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, रॅकवरून एक कोरी पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली.

"घासा."

माझा जॉब व्हायला तीन आठवडे लागले. हाताला फोड आले. तो त्यांनी मुलांच्या आधी कापला.

समितीचा अहवाल एप्रिलमध्ये आला. आमच्या विभागाबद्दल त्यात दोन वाक्यं होती. विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिक समज उत्तम आहे. विद्यार्थ्यांना इंग्रजीत स्वतःचं काम समजावता येत नाही. दोन्ही एकाच मुलीवरून लिहिलेली होती, आणि दोन्ही खरी होती. प्राचार्यांनी पहिल्या वाक्यासाठी शॉप ठेवलं आणि दुसऱ्यासाठी अर्धा हॉल घेतला. मध्ये प्लायवुडची भिंत. चोवीसातले बारा व्हाइस काढायचे.

ते काढायला जनकोजीरावांनी बाहेरचा माणूस येऊ दिला नाही. मे महिन्यातल्या एका सकाळी मी गेलो तर ते टेबलाखाली आडवे पडून बोल्ट सोडवत होते.

"उभे काय राहिलांत, कुशलराव? पान्हा द्या मजला."

मी पान्हा दिला. खिडकीकडच्या रांगेला त्यांनी हात लावला नव्हता. जात होते ते आतल्या अंधाऱ्या बाजूचे. पूंगोडी गावी जायच्या आधी निरोप घ्यायला आली होती. मोकळ्या झालेल्या टेबलावरची चार भोकं बघून तिचे डोळे भरले.

"सार, मला त्या दिवशी इंग्रजीत सांगता आलं असतं, तर सगळे राहिले असते."

"आणि तमिळमध्येही सांगता आलं नसतं, तर एकही राहिला नसता," जनकोजीराव टेबलाखालून म्हणाले. "तुझ्यामुळे बारा राहिले. रडू नको, हा नट पकड. तेलकट आहे."

तिने नट पकडला. ते बाहेर आले, कोट झटकला आणि खिशातून एक कागद काढून माझ्याकडे दिला. लँग्वेज लॅबच्या पहिल्या तुकडीसाठी नावं हवी होती. त्यांनी स्वतःच्या हाताने आठ लिहिली होती, सगळी तमिळ माध्यमातली. पहिलं पूंगोडीचं.

तिने वाचलं. "सार, लॅब नऊला आहे. फिटिंगही नऊलाच असतं."

"बारा व्हाइसवर चोवीस जण कसे उभे राहतील? दोन पाळ्या. तुझी साडेसातची."

"साडेसातला बस नसते, सार!"

"सातची असते," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाखाली शिरले.