फुंकरबाई

मुलींच्या वसतिगृहाच्या मेट्रनला सगळ्या मुली पाठीमागे 'फुंकरबाई' म्हणत. इस्त्रीचा चटका बसो, वडील फोनवर ओरडोत, नाहीतर कुणाचं कुणाशी फाटो, बाई आधी जवळ बसवून घेत, दुखऱ्या जागेवर फुंकर घालत आणि मग औषध शोधत. हे नाव ठेवणाऱ्या मुली केव्हाच शिकून गेल्या, नाव मात्र राहिलं. बाईंच्या कानावर ते आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं.

नवरा गेला तेव्हा त्यांची मुलगी शाळेत होती. विद्यापीठाने नोकरी दिली आणि नोकरीबरोबर जिन्याशेजारची तळमजल्यावरची खोली. पलंग, कपाट, एक टेबल आणि सायकली लावायच्या जागेवर उघडणारी खिडकी. त्या खोलीत मुलगी वाढली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली आणि बसमध्ये कंडक्टर झाली. दिवसभर लोकांशी हुज्जत घालून ती घरी यायची ती ताजीतवानी होऊनच. आईचा गोडवा तिने थेंबभरही उचलला नव्हता.

विद्यापीठात छळाच्या तक्रारींसाठी समिती होती. तिचा फलक प्रत्येक मजल्यावर लावलेला असे, खाली फोन नंबर. फलकावर न लिहिलेली एक पद्धतही होती. एखाद्या मुलीने त्या नंबरवर फोन केला की तिकडून प्रेमाने विचारत, "मेट्रनबाईंशी बोललीस का? आधी त्यांच्याशी बोल, मग आपण बघू." मुलगी जिना उतरून खाली येई. बाई तिला तोंड धुवायला लावत, पाठीवरून हात फिरवत, सगळं ऐकून घेत. मध्ये एक शब्द बोलत नसत. रडू ओसरलं की मग म्हणत, "आधी परीक्षा होऊ दे, बाळा. मग बघू."

परीक्षा होई. मुली सुट्टीला घरी जात. परत येत तेव्हा तो विषय कुणी काढत नसे. बाईही काढत नसत.

यात बाईंना काही वावगं वाटत नव्हतं, कारण सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी एक प्रकार डोळ्यांनी पाहिला होता. वर्गात पहिली येणारी एक मुलगी थेट समितीपुढे गेली. चौकशी राहिली बाजूला, तिचे वडीलच येऊन थडकले. त्यांनी तिची ट्रंक टॅक्सीत टाकली आणि तिला घरी घेऊन गेले. शिक्षण तिथेच संपलं. मुलाला ताकीद मिळाली आणि तो पास होऊन बाहेर पडला. ती टॅक्सी फाटकाबाहेर वळताना बाईंनी मनाशी ठरवून टाकलं, माझ्या मुलींचं शिक्षण असं जाऊ द्यायचं नाही.

विद्यार्थी कल्याण अधिकाऱ्यांना, म्हणजे मुलींच्या भाषेत 'कल्याणसाहेबांना', बाईंचं फार कौतुक. वार्षिक बैठकीत ते सगळ्यांदेखत म्हणत, "बाकीच्या वसतिगृहांनी यांच्याकडून शिकावं. यांच्याकडून वर कधी काही येतच नाही." बाई लाजून पदर सारखा करत.

त्या वर्षी पहिल्या मजल्यावर एक फार उंच मुलगी राहायला होती. मैत्रिणी तिला 'शिडी' म्हणत आणि तीही हाकेला ओ देई. पंख्यावर अडकलेली ओढणी काढायची असली की शिडीला बोलावणं यायचं. एका संध्याकाळी ती खाली आली ती चपला हातात घेऊन, अनवाणी.

प्रयोगशाळेत तिच्या प्रोजेक्टमध्ये एक सीनियर मुलगा होता. उपकरणं ठेवायच्या खोलीत त्याने दार लावून घेतलं होतं. शिडीने सगळं सांगितलं, न रडता, एखाद्या प्रयोगाची कृती सांगावी तसं. त्याने कुठे धरलं, काय केलं, ती कशी ढकलून बाहेर आली. शेवटी म्हणाली, "मला तक्रार करायचीय. आत्ता."

बाईंनी तिचे पाय पुसले. म्हणाल्या, "करू. पण आधी परीक्षा होऊ दे."

"आणि तोवर? तो रोज समोर असणार."

"तोवर चेहऱ्यावर काही दाखवू नकोस. जेव, हस, प्रयोगशाळेत जा. तो बोलला तर सरळ उत्तर दे. तू कोलमडलीस तर मार्क तुझे जातील, त्याचं काय जाणार?"

शिडीने विचार केला. "परीक्षा झाली की नक्की?"

"नक्की."

मुलगी अभ्यासाला बसावी तशी या कामाला बसली. मेसमध्ये जेवली, मैत्रिणीच्या वाढदिवसाला नाचली. प्रोजेक्ट त्या मुलाबरोबरच पूर्ण केला, वेगळ्या टेबलावर बसून. त्याने शुभेच्छांचा मेसेज पाठवला तेव्हा 'थँक्स' एवढं उत्तरही दिलं. मेसच्या दारात उभ्या असलेल्या बाई तिला हसताना बघायच्या आणि त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

शेवटचा पेपर झाला. मुली बॅगा भरू लागल्या. शिडी बॅग न भरता सरळ समितीच्या कार्यालयात गेली आणि लेखी तक्रार देऊन आली. 'आधी मेट्रनबाईंशी बोल' असं म्हणायची संधीच तिने त्यांना दिली नाही. परत येताना खिडकीतून डोकावून म्हणाली, "बाई, झाली परीक्षा. देऊन आले."

इतक्या मुलींना त्यांनी 'मग बघू' म्हटलं होतं, ते वाक्य खरं धरून परत आलेली ही पहिलीच.

थोड्या दिवसांनी कल्याणसाहेब स्वतः खोलीवर आले. एकुलत्या एका खुर्चीत बसले, घाम पुसला.

"बाई, तुम्हाला साक्षीला यावं लागेल. घाबरायचं काही नाही. खोटं एक अक्षर बोलायचं नाही. जे दिसलं तेवढंच. जेवत होती का? होती. हसत होती का? होती. संपलं."

"म्हणजे तक्रार खोटी ठरेल, साहेब?"

"तसं कोण म्हणतंय? पण इतके महिने गप्प का, हा प्रश्न येणारच ना. त्याला 'थँक्स' लिहिलंय तिने. नाचलीय. त्या पोराचंही आयुष्य आहे, बाई. माझीही मुलगी कॉलेजात येईल आता, मला काय कळत नाही?"

"गप्प का, म्हणून तिला विचारलं असेल ना?"

"विचारलं. परीक्षा होती म्हणाली. बस, तेवढंच. कुणी सांगितलं का, म्हणूनही विचारलं. नाही म्हणाली."

साहेब गेले तरी बाई पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. पोरीने त्यांचं नाव घेतलं नव्हतं. त्यांची नोकरी जाईल म्हणून, दुसरं काय? आपण तिला वाचवतोय असं समजत होतो आणि ती पोर आपल्याला पाठीशी घालून एकटी उभी होती. तिच्याविरुद्ध जी जी गोष्ट मोजली जात होती ती बाईंनीच तिला शिकवलेली होती. जेव म्हटलं, जेवली. हस म्हटलं, हसली.

आणि याच्याही खाली एक गोष्ट होती. तिकडे बघायचं बाई टाळत होत्या.

त्यांनी मुलीला फोन लावला. मागे बसचं इंजिन घरघरत होतं.

"आई, पटकन बोल, बस सुटायचीय."

बाईंनी सांगितलं. पलीकडून आधी कुणाला तरी "पुढे सरका हो, मागे काय लग्न लागलंय?" असं खेकसणं ऐकू आलं.

"तर मग सांगून टाक ना त्यांना."

"नोकरी जाईल. ही खोलीही."

"माझ्याकडे ये. तुझ्या जावयाला घोरणारं माणूस घरात आणखी एक, एवढंच. तो तर म्हणेल, बरं झालं, माझ्यावर एकट्यावर आळ नको." मग तिचा आवाज उतरला. "आई, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"सगळ्यांचं भलं व्हावं असंच..."

"ते नाही विचारलं मी," मुलगी म्हणाली आणि बस सुटली.

समितीची बैठक ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर होती. लांब टेबल, झाकलेले पाण्याचे ग्लास, मधोमध लाकडी पार्टिशन. त्याच्या एका बाजूला शिडी, दुसऱ्या बाजूला तो मुलगा, एकमेकांना दिसू नयेत म्हणून. बाईंची खुर्ची मुलाच्या बाजूला होती. अध्यक्षबाई कायदा शिकवायच्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. कल्याणसाहेब कोपऱ्यात बसले होते.

"मुलगी त्या काळात जेवत होती?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हो."

"मैत्रिणींमध्ये मिसळत होती? हसत होती?"

"हो."

"म्हणजे वागण्यात काही फरक नव्हता."

आता नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. ते खोटंही ठरलं नसतं. पार्टिशनच्या खालच्या फटीतून शिडीचे पाय दिसत होते, एकमेकांवर घट्ट दाबून ठेवलेले.

"मी शिकवलं होतं तशी ती वागत होती," बाई म्हणाल्या.

"बाई, विचारलं तेवढंच," कोपऱ्यातून आवाज आला.

"बोलू द्या त्यांना," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

बाईंनी सांगितलं. ती त्याच संध्याकाळी अनवाणी आली होती, तेव्हाच तक्रार करायची म्हणत होती, आपणच थांबवलं. चेहऱ्यावर दाखवू नकोस हे आपलं, सरळ उत्तर दे हेही आपलं. बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता आणि त्या मऊपणाची त्यांनाच किळस आली.

"असं याआधी कुणाला सांगितलं होतं?"

"जी आली तिला."

"किती जणी असतील?"

बाईंना चेहरे आठवू लागले. एक चष्मेवाली, एक हातमोजे विणणारी, एक सतत खोकणारी. "कशा सांगू?" त्या म्हणाल्या. "कागदावर तर एकही आली नाही."

कल्याणसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

उशीर मुलीच्या विरोधात धरता येणार नाही असं समितीने ठरवलं. त्या मुलाला वर्षभरासाठी विद्यापीठाबाहेर काढलं. शिडीला एवढ्यावर समाधान नव्हतं, पण तिने पुढे अपील केलं नाही. फोनवरच्या लोकांना सूचना गेली की मुलींनी आता सरळ कार्यालयात यावं. बाईंना मेट्रनपदावरून काढून चादरी-उशांच्या भांडारात बसवलं आणि नवं सत्र सुरू होईपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं. भेटेल तो "बाई, फार धीराचं काम केलंत" म्हणे. ते ऐकलं की बाईंना कुणी थोबाडीत मारावी तसं वाटे. टॅक्सीतून गेलेल्या त्या मुलीचं शिक्षण बुडालं, हे कारण त्या इतकी वर्षं छातीशी धरून बसल्या होत्या. आता ते उलटंपालटं करून बघताना कळत होतं की तिच्यावर अन्याय झाला तो तिने तक्रार केली म्हणून नव्हे, ती तक्रार कुणी नीट ऐकली नाही म्हणून.

नव्या सत्राच्या आधी शिडी भांडारात चादर बदलून घ्यायला आली. बाईंनी धुतलेली चादर पुढे केली. तिने ती घेतली, पण हलली नाही.

"मी तुमचं नाव सांगितलं नव्हतं."

"माहीत आहे."

"एक विचारू? त्या दिवशी मला 'परीक्षा झाली की नक्की' म्हणालात, तेव्हा मी खरंच जाईन असं वाटलं होतं तुम्हाला?"

समितीने हे विचारलं नव्हतं. हे या मुलीशिवाय कुणाला सुचणारही नव्हतं. हो म्हटलं असतं तर ती बहुधा हसली असती, आणि दोघींमध्ये काहीतरी शिल्लक राहिलं असतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "तोवर तू विसरशील असं वाटलं होतं. म्हणूनच तसं सांगायचे मी. सगळ्यांना."

शिडी चादरीची घडी बघत उभी राहिली. तिचा चेहरा हळूहळू मिटत गेला. बाईंच्या तोंडाशी 'बाळा' आलं, हात पुढे व्हायला निघाला. त्यांनी तो मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"मी विसरले नाही," शिडी म्हणाली आणि चादर घेऊन गेली.