कोयतीचे तीन दलाल

त्या संध्याकाळी माझी बायको मागच्या पडवीत मोरी मासा कापत होती आणि मी तिच्या सांगण्यावरून मोबाइलवर एका बोटाने पत्र लिहीत होतो. तिचे हात रक्ताने भरलेले, म्हणून हे काम माझ्याकडे. माझं शिक्षण चौथी. "लिही, आदरणीय महोदय," ती म्हणाली आणि मोरीचं डोकं एका घावात उडवलं.

गावात तिला कोयती म्हणत. लग्नाआधी, बापामागे राहिलेलं जाळं कापायला आलेल्या एकाच्या मांडीत तिने कोयती घातली होती. मी तिला बघायला गेलो तेव्हा त्याच कोयतीने तिने मला शहाळं सोलून दिलं. मी पाणी प्यालो आणि होय म्हणालो.

तिने जन्मभर मासे विकले आणि म्हातारपणी कादंबरी लिहिली. बापाची. ती लहान असताना किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्यात आलेल्या मासळीच्या वाट्यावरून भांडण झालं आणि सख्ख्या चुलत्याने बापाच्या डोक्यात वल्हं घातलं. घरच्यांनी सांगितलं, होडीत पाय घसरला. तिने फुटलेलं डोकं वाळूत बघितलं होतं. त्यासाठी पुस्तक.

पुस्तकांनाही दलाल असतात. एजंट म्हणतात त्यांना, ते प्रकाशक गाठून देतात. तिने तिघांना पाठवलं आणि पहिल्याच पत्रात तिघांनाही कळवलं, आणखी दोघांकडे दिलं आहे. मुंबईचा चिडला. आधी मलाच दाखवायचं होतं, म्हणाला. "रापणीचो मासो पदराखाली धरून इकतत काय रे?" ती मला विचारत होती. "लिलाव उघड्यार. एकान बोली केली तर बाकीच्यांका आयकाक जाऊक व्हयी." शिवी मालवणीत, पत्र पुस्तकी मराठीत, असा तिचा कारभार. पुण्याचा गप्प बसला तेव्हा "मेलो काय तो?" म्हणाली आणि मला लिहायला लावलं, आपल्या अभिप्रायाची वाट पाहत आहे.

त्या दिवशी मुंबईचा होकार आला होता. अट एक. बापाचा खून काढा, पाय घसरून पडू दे. एवढं रक्त वाचकाला झेपत नाही.

मी म्हटलं, "होय म्हण गो. पुस्तक तरी निघात."

"एकदा चुलत्यान मारल्यान, आता ह्यो मारतलो. आणि तू पाय धरतलंस?" पुढचे घाव पाटावर पडले. ढलप्या माझ्या अंगावर आल्या.

मग तिने सांगितली तशी पत्रं मी लिहिली. मुंबईला नकार. बाकी दोघांना, एक होकार आला होता, या अटीमुळे सोडला, खून राहणार, पटलं तर घ्या.

"धाडू?"

"रागाक रातभर मीठ लाव. सकाळी चव बघूया." रागातलं पत्र ती त्याच दिवशी धाडत नसे.

रात्री झोपेतच गेली.

सकाळी त्या चुलत्याचा मुलगा खांदा द्यायला आला. प्रेताशेजारी उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "भावोजी, बायचा ता पुस्तक आता तिच्याचवांगडा जाळून टाका. मेलेल्यांचा कित्याक उकरतास?"

मी पडवीतून कोयती आणली. कालचं रक्त तिच्यावर सुकलं होतं. त्याच्या गळ्याशी धरली आणि म्हटलं, "खांदो देवचो तर दी. पुस्तकाचा नाव काढलंस तर हयच दुसरा प्रेत पडात."

तो उठून गेला. मी तिच्या उशाशी बसून मुंबईला नकार धाडला. बाकी दोघांच्या पत्रात तिच्या मजकुराखाली माझी एक ओळ घातली. ती काल रात्री वारली, लिलाव चालू आहे.