दोन ते चार, पडवीत एकटी

मी एकतीस वर्षं एसटी चालवली. एकदा ब्रेक गेलेली गाडी आख्खा घाट नुसत्या शिव्यांच्या धाकावर उतरवून लांज्याच्या स्टँडात लावली आणि मगच चहा प्यायलो. असला मी माणूस एका कुत्रीपायी रडकुंडीला आलो. घाटाची गोष्ट ज्यांना पटत नाही त्यांनी ती सोडून द्यावी. कुत्रीची मात्र अक्षर न् अक्षर खरी आहे.

कुत्री पावसच्या बाजूच्या एका आंब्याच्या बागेतली. हंगामात बागेला राखण लागते. लांबून राखणदार येतात, वानरांवर भुंकायला एखादं कुत्रं बांधतात, आणि शेवटच्या पेट्या टेम्पोत चढल्या की आपल्या मुलखाला निघून जातात. कुत्रं कधीकधी तिथंच राहतं. ही राहिली होती. मेहुण्याबरोबर मी सहज गेलो होतो, तर एका कलमाच्या बुंध्याला साखळी आणि साखळीच्या टोकाला ही. गळ्याची कातडी साखळीखाली सोलून निघालेली. मी तिला सोडली, तशी ती माझ्या पोटरीला चिकटली. घरी आल्यावर बायको तिला 'बाय' म्हणू लागली, तेच राहिलं.

चिकटली म्हणजे कशी? मी न्हाणीत गेलो की दाराखालच्या फटीत नाक. झोपायची माझ्या उशीवर, तोंडाला तोंड लावून. मी कूस बदलली की उठून वळसा घालून दुसऱ्या बाजूला हजर. क्षणभर नजरेआड झालो तर असा गळा काढायची, की बंदरातल्या लाँचवाल्यांनी वादळाचा इशारा समजून जाळी आवरली म्हणे.

मला त्याची सवय झाली होती. पण डोळ्यात मोतीबिंदू पिकला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशननंतर महिनाभर कुत्रं अंथरुणात नको. हिसका नको. आणि पडायचं तर अजिबात नाही, काका."

आमच्या घरातून रस्त्यावर जायला चिऱ्याच्या सत्तर पायऱ्यांची पाखाडी. बायला दोरी लावून ती उतरायची तर ती माझ्या दोन पायांच्या मधून चालणार आणि दोरीचं माझ्याभोवती वेटोळं पडणार. तळाशी पोचेस्तोवर मी सुतळी गुंडाळलेल्या भोवऱ्यासारखा.

बायकोनं निकाल दिला. "तीन आठवडे आहेत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी दोन ते चार ती पडवीत एकटी झोपली पाहिजे. तुम्ही आत, दार लावून. झोपली तर राहील. नाहीतर माझा भाऊ घेऊन जाईल. त्याच्या बागेत मोहोर आलाय, त्याला राखणीला कुत्रं हवंच आहे."

"बागेत म्हणजे साखळी."

"मग शिकवा."

दोन ते चार ही वेळ बायकोनं मुद्दाम निवडली. त्या वेळात रत्नागिरीत दुकानांना फळ्या-कुलपं लागतात, माणसं आडवी होतात, कावळासुद्धा हळू ओरडतो. तेव्हा कुत्री रडली तर आळीभर साक्षीदार.

पहिली चूक मीच केली. आमच्याकडे आंब्याची लाकडी पेटी म्हणजे कपाट, स्टूल, कोंबडीचं खुराडं, सगळं काही. माळ्यावरून एक चांगली काढली, भाताचा पेंढा पसरला, राजाच्या तोडीचं अंथरूण केलं. बायनं पेटी पाहिली, शेपूट पोटात घातलं, उभ्या उभ्या मुतली आणि माझ्या लेंग्याचा पायचा दातांत धरून बसली. पुढचे चार दिवस मी बसलो तरी तिनं तो सोडला नाही.

दगडी गडग्यापलीकडून शेजारचे चाचा बघत होते. जन्म जहाजावर गेला त्यांचा. आता नारळाला पाणी घालतात आणि मला अक्कल शिकवतात.

"ड्रायव्हर, मेल्या, तू तिला काय दाखवलंस ते तुला कळतं का?"

"बिछाना."

"बिछाना कसला! पेट्या भरल्या की माणसं जातात, एवढंच तिनं बघितलंय. तू पेटी भरायला घेतलीस. तिला वाटलं, झालं, आता हा पण चालला."

पेटी त्याच मिनिटाला फोडून बंबात घातली. पेटीच्या जागी गोणपाट आणलं, त्यावर माझं न धुतलेलं बनियन. पहिल्या दिवशी ते खाटेला लागून, मग रोज एक फरशी दाराकडे. ती गोणपाटावर पडली की मी उठून दोन पावलं जायचो, परत यायचो. चार पावलं, परत. दिवसातून इतक्या वेळा गेलो-आलो की अंतर जोडलं असतं तर दाभोळला जाऊन मासळी आणली असती. जायचं ते परत यायला, एवढंच तिला पटवायचं होतं. पण तिसरा आठवडा लागला तरी उंबरठ्याशी आली की ती थांबायची आणि माझ्याकडे बघायची. दुपारी मेहुण्याचा फोन वाजला की मी तो उशीखाली सारायचो.

दोरीचं चाचांनी सोडवलं. "तू आवळून धरतोस. धक्क्याला जहाज कधी आवळून बांधतात का? ओहोटीला दोर तुटेल नाहीतर खुंटा. ढील ठेव. ती पायात आली की तू थांब. बाजूला झाली की चाल. बोलू नको, तुझ्या बोलण्यानं माणसं घाबरतात, ती तर कुत्री."

पहिल्या दिवशी सत्तर पायऱ्या उतरायला पाऊण तास लागला. चाचा वरून ओरडले, "बोट लागली का रे?" शेवटच्या दिवसांत मात्र ती माझ्या डाव्या अंगाला, दोरीला झोल ठेवून उतरायला लागली. पाखाडी जमली. उंबरठा राहिला होता.

परीक्षेच्या दिवशी मेहुणा जेवायलाच आला. सुरमईची आमटी भुरकली, पडवीतल्या आरामखुर्चीत पाय पसरले. खुर्चीखाली पिशवी, पिशवीतून साखळीचा आवाज.

"भाऊजी, निवांत झोपा. मी बघतो हिच्याकडे."

बायको म्हणाली, "जा आत. दार लावा."

मी आत गेलो, आडवा झालो. बाहेर बाय एकदा कुंई करून गप्प झाली. मग काहीच नाही. रडली असती तर बरं, असं वाटायला लागलं. ही गप्प का? नेली की काय? अडीच झाले. तीन. घाटात ब्रेक गेला तेव्हाही इतका घाम आला नव्हता. सव्वातीनला राहवेना. अनवाणी गेलो आणि दार बोटभर उघडलं.

मेहुणा तोंड उघडं टाकून घोरत होता. गोणपाटावर बाय झोपली होती. आणि तिच्या शेजारी, थंड फरशीवर, गुडघ्याचं दुखणं असलेली माझी बायको मांडी घालून बसली होती, एक हात कुत्रीच्या पोटावर. ही बाई लग्नाला छत्तीस वर्षं झाली तरी दुपारची झोप कुणासाठी मोडत नाही. माझ्या वडिलांच्या तेराव्यालाही मोडली नव्हती. तिनं मला पाहिलं, डोळे वटारले आणि ओठांनीच म्हणाली, "आत व्हा!"

मी आत झालो.

चारला ती भावाला मोठ्यानं उठवत होती. "ऊठ रे, चहा घे. बघ, कशी एकटी झोपली दोन तास. हूं की चूं नाही."

"खरंच?"

"मग! मी स्वैपाकघरात होते ना."

घरात थापा मारायचं खातं माझ्याकडे आहे असा माझा समज होता. मेहुण्यानं पिशवी उचलली, भाऊजींची कुत्री भारी हुशार म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

मी बायकोकडे बघितलं. ती कपबशा गोळा करत होती.

"उद्या दवाखान्यात आठला पोचायचंय ना?" मी म्हटलं. "रिक्षा सांगतो दोघांसाठी."

"दोघांसाठी कशाला? तुम्ही चाचांना घेऊन जा."

"आणि तू?"

"मी गेले तर हिच्यापाशी कोण? अजून ती काही एकटी राहत नाही."