दात असलेलं पाखरू

माझा स्वभाव मुळात संशयी, आणि ओरोसच्या कचेरीत दाखले तपासून तपासून तो आणखी पक्का झाला. शिक्का ताजा दिसला तरी संशय, पुसट दिसला तरी संशय. म्हणून मुलीने जीवाश्मांचं शिकायला पुण्याला जायचं म्हटलं, तेव्हा मी आधी त्या जीवाश्मांचीच चौकशी लावली.

काजू सोलता सोलता तिने सांगितलं. पक्षी सरपटणाऱ्या प्राण्यांपासून झाले असतील, तर मधली जनावरं कुठल्यातरी खडकात मिळायलाच हवीत, असं शास्त्रज्ञ आधीच सांगून बसले होते. पिसं पाखराची, पण तोंडात दात, पंखांना नख्या, शेपटीत हाडांची लांब माळ. आणि तसं मिळालंही.

"गावतलाच!" मी म्हटलं. "ज्याका जा व्हया, ता ताका बरोबर गावता."

"आये, ज्या थरात असूक व्हया, त्याच थरात गावला. माशांच्याही आधीच्या खडकात पाखरू गावला असता, तर सगळा मुसळ केरात."

वर तिनेच सांगितलं की एकदा वेगवेगळ्या जनावरांचे तुकडे चिकटवलेला खोटा जीवाश्म मोठ्या थाटात मिरवला गेला होता. मी टाळीच वाजवली.

"पण तो पकडलो कोणी? हाडां तपासणाऱ्यांनीच," ती म्हणाली.

हे मला अजिबात आवडलं नाही. खोटं पकडणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो, आणि तो नेमका तेव्हा वाटायला नको होता. जीवाश्म खरे की खोटे, मला काय त्याचं! नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती गेली की मी भिंतींशी बोलणार.

थोरल्या दिरांनी देवाला विचारायचं ठरवलं. आमच्याकडे कौल लावल्याशिवाय मोठं काही होत नाही. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपला प्रश्न देवापुढे मांडतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझा त्यावरही विश्वास नाही. मनासारखं आलं नाही की प्रश्न फिरवून पुन्हा कौल लावतात, हे मी लहानपणापासून पाहत आलेय. तरी त्या सकाळी देवळात मी सगळ्यांच्या पुढे बसले होते.

पाकळी पडली. उजवी.

"व्हय म्हाराजा!" दीर म्हणाले.

"भावोजी, गाऱ्हाणा नीट नाय झाला," मी म्हटलं. "एकटी पोरगी, परको मुलूख, ह्या पण घालूक सांगा. परत लावूक व्हयो."

गुरवाने नवी पाकळी भिजवली. असं सर्रास चालतं, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. मुलगी तेवढी माझ्या कानाशी वाकली.

"आये, पडाच्या आधी सांग. खयची पाकळी पडली तर तू माका जावक दितलंस?"

उजवी म्हणावं, तर ती आत्ताच पडली होती. मी खरंच मनात शोधलं. मला 'जा' म्हणायला लावेल अशी एकही पाकळी त्या देवळात नव्हती. इतकी वर्षं लोकांचे कागद उजेडात धरून पाहिले, आणि आज माझीच लाज वाटली.

"ऱ्हवांदे, लावू नको," मी गुरवाला म्हटलं. मला रडू आवरेना, आणि रडत रडतच मी तिला म्हटलं, "जा गो बाय. देवाक कित्याक तरास? माकाच नको होता."