दोन हात दोर

मनकर्णेने उभ्या आयुष्यात एकच सरकारी नोकरी केली आणि ती अवघे दोन महिने टिकली. याची तिला कधी लाज वाटली नाही. ज्यांना वाटायला हवी होती त्यांनाही वाटली नाही, ते सोडा.

सत्तावन्न सालच्या फाल्गुनात बालवाडीच्या बाईचं शिक्षण घेऊन ती गडचिरोलीपलीकडच्या जंगलातल्या एका टोल्यावर, झोपड्यांच्या लहानशा वाडीवर, आली. मार्कंड्याजवळच्या गावची, सव्वीस वर्षांची, राग नाकाच्या शेंड्यावर. सोबत लाकडी खेळण्यांची पेटी आणि चांद्याच्या कचेरीतून ठरवून दिलेली वेळ, अकरा ते चार. अकराला बालवाडीच्या खोलीत चिटपाखरू नसे. टोल्यातल्या बाया झुंजुमुंजू होताच मोहाची फुलं वेचायला जंगलात जात, उन्हं तापल्यावर परतत आणि मग घरंच्या घरं पोरांसकट झोपून जात.

एके दिवशी ती सकाळीच घरोघर पाहत निघाली. कलाबाईच्या झोपडीत तीन वर्षांची सुकरी खाटेच्या पायाला वासराच्या दोराने बांधलेली होती. कमरेला गाठ, बाकीचा दोर खाटेच्या पायाला गुंडाळलेला, मोकळा फक्त दोन हात. पोर रडतही नव्हती. रडणाऱ्या पोराला निदान कुणी येईल अशी आशा असते. तिने गाठ सोडली आणि सुकरीला मांडीवर घेऊन बसून राहिली.

कलाबाई परतली तेव्हा मनकर्णा तिला फाडफाड बोलली. कलाबाईने सगळं ऐकून घेतलं.

“मंग का करू, बाई? संगं नेली तं मोहाखाली अस्वल येते, घरी सोडली तं चुलीत जाते. बांधलेली पोरगी जित्ती तं राह्यते.”

मनकर्णा खजील झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पेटी डोक्यावर घेऊन बायांबरोबर जंगलात गेली. मोहाखालची जागा झाडून तिने टोल्यातली नऊ पोरं तिथे बसवली. आता बाया विखुरत नसत; पोरांभोवतीच फुलं वेचत, एकमेकींना हाका घालत. अस्वलाची काय बिशाद जवळ यायची. सुकरी मात्र दोर नसतानाही दोन हातांपलीकडे सरकेना. खेळणं लांब गेलं की नुसती पाहत राही. मनकर्णेने तिला ओढलं नाही. रोज जवळ बसायची आणि मोहाचं एक फूल दोन हातांच्या जरासं पुढे ठेवायची. एकोणिसाव्या दिवशी सुकरी उठली, फूल उचललं आणि पार तिसऱ्या झाडापर्यंत धावत गेली. मनकर्णा तोंडाला पदर लावून रडली. कलाबाई टोपली हातात तशीच धरून उभी राहिली.

त्याच आठवड्यात तपासणीचे साहेब, गुणवंतराव, जीपने आले. बरोबर अकराला. खोली रिकामी. मुलं कुठे? झोपली. अक्षरं किती आली? एकही नाही. एवढ्याशा पोरांना खेळवायला सरकारने माणूस नेमलेला नाही, ते आईचं काम, असं त्यांनी सुनावलं. मनकर्णेने सुकरीची हकिकत सांगितली, उद्या पहाटे येऊन डोळ्यांनी पाहा म्हणाली. साहेबांना वेळ नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली उतरायला वेळ असतो कधी? उद्यापासून जंगलात जाणं बंद, अकराला खोलीत बसायचं, नाहीतर नोकरी गेली समजायचं, असं बजावून ते थांबले.

मनकर्णेच्या मनात आलं, नोकरी गेली तर आपण कसंही पोट भरू, पण आपण साहेबांचं ऐकलं तर सुकरी पुन्हा त्या दोन हात दोरात जाईल.

“मी अकराले बसणार नाई,” ती म्हणाली.

साहेबांनी खेळण्यांची पेटी आत ठेवून खोलीला कुलूप घातलं.

“खोलीले लावा, साहेब. मोहाले कसं लावसान?”

दुसऱ्या पहाटे ती रिकाम्या हातांनी निघाली, तेव्हा मनातून धास्तावलेली होती. खेळणी नाहीत, सरकार पाठीशी नाही; आता बाया पोरं कशाला आणतील? पण मोहाखालची जागा आधीच कुणी झाडून ठेवली होती आणि नऊच्या नऊ पोरं हजर होती. कलाबाईने काखेतला वासराचा दोर काढला, आडव्या फांदीवरून टाकला, टोकं बांधली आणि सुकरीला झोक्यात बसवलं.

“दे झोका, बाई,” ती म्हणाली. “लंबा जाऊ दे तिले.”